एक जानेवारीचे आबा

‘सर, दिनविशेषात नाव यायचं असेल तर माणसाला मरावंच लागतं का?’ हा प्रश्न माझा नव्हताच. माझ्या मैत्रिणींनी, नौशीननं आणि सुकेशनीनं, पैज लावली होती की परिपाठाच्या वेळी, भर माइकवर, सगळ्या शाळेसमोर वाघचौरे सरांना हे विचारून दाखव, नाहीतर तुझी डेअरिंग नुसती बोलण्यातली. मग काय, विचारलं. डिसेंबरची सकाळ, मुलं हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून उभी, आणि मी दिनविशेष वाचून झाल्यावर कागदाची घडी घालता घालता, सहज आठवल्यासारखं विचारून टाकलं. मागच्या रांगांमधून हसू फुटलं. वाघचौरे सर आम्हाला मराठी शिकवतात, परिपाठही त्यांच्याकडेच. वाटलं, आता चिडणार. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि म्हणाले, ‘जिवंत माणसं वर्ज्य नाहीत. तू आण एखादं, वाचू आपण.’ मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिथंच माइकमध्ये म्हणाले, ‘आमचे आबा आहेत सर. धनगरी ओव्या गातात. एक जानेवारीला वाढदिवस असतो त्यांचा.’ सर म्हणाले, ‘मग आण त्यांनाच.’ खाली उतरले तेव्हा नौशीन म्हणाली, ‘हौ रे, तू तो पागल है,’ आणि माझा हात धरून नाचली. मीही नाचले. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

माइक हा माझा शोध आहे. म्हणजे तो शाळेत होताच, मला यंदा सापडला. नववीपर्यंत मी हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचे तेही मॅडमना दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. वर्गात माझ्या नावाची दुसरी मुलगी आली असती तर मी माझं नाव तिला देऊन टाकलं असतं. मग गेल्या उन्हाळ्यात आबा, पप्पांचे वडील, कायमचे आमच्याकडं राहायला आले. करमाडच्या पुढं वस्ती आहे आमची. मेंढरं विकून टाकल्यावर तिथं त्यांच्याजवळ एक घोंगडं, एक ढोल आणि खोकला एवढंच उरलं होतं. शहरात गारखेड्याच्या आमच्या गच्चीवर त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, ‘गळ्यातनं बोलू नको. गळा निस्ता दरवाजा हाय. बोलणारं आत बसलंय, त्याला हाक मार.’ मी हाक मारली. शेजारच्या गच्चीवर काकू कुरडया वाळत घालत होत्या, त्या परात घेऊन आत गेल्या. आबा म्हणाले, ‘आता जरा माणसात आलीस.’ रोज संध्याकाळी ते एक ओळ टाकायचे आणि मी ती झेलायची. ओवी अशीच असते, पुढचा टाकतो, मागचे झेलतात. एकट्याची नसतेच ती. पप्पा कंपनीतून येऊन जिन्यातूनच म्हणायचे, ‘चालू झाली का मेंढरं?’ पण पाय न वाजवता वर यायचे आणि टाकीला टेकून उभे राहायचे. जून संपायच्या आत मी परिपाठाच्या माइकवर होते.

दिनविशेष कुणाला नको असतो. बाकीची मुलं लढाया नाहीतर तह वाचतात आणि पळतात. मी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे वाढदिवस शोधायला लागले, आणि मला ते व्यसनच लागलं. आज कुणी सारंगीवाला जन्मला, आज कुणाचा पहिला तवा, म्हणजे ग्रामोफोनची तबकडी, निघाला, आज कुणी पहिल्यांदा रेडिओवर गायलं, आज कुणी गात गात स्टेजवरच गेलं. एकाच तारखेला इतकी माणसं येतात आणि जातात की त्यांची धडक कशी होत नाही, असं वाटायचं. काहींनी पाचव्या वर्षी मैफल मारलेली. मी पंधराची, म्हणजे ते हुकलंच होतं, तरी सायकलवरून सूतगिरणी चौकात सिग्नलला थांबले की मनात सुरू व्हायचं: पुढं कधीतरी माझी तारीख कोण वाचेल, ती मुलगी ‘ज्येष्ठ’ हा शब्द नीट म्हणेल का, की ‘जेष्ट’ म्हणून माझा कचरा करेल. मागून रिक्षावाले हॉर्न मारायचे. मला वाटायचं ते मलाच दाद देतायत. इतकी मी मजेत होते.

आता हेही सांगायला पाहिजे की एक जानेवारी हा आबांचा वाढदिवस नाही. तो आमच्या वस्तीचाच वाढदिवस आहे. आधार कार्डाचं मशीन घेऊन माणसं आली, त्यांनी प्रत्येकाला जन्मतारीख विचारली. आबा म्हणाले, ‘मेंढरं भादरायच्या दिवसांत झालो, माझी माय सांगायची, एकीकडं लोकर कातरत हुते आन एकीकडं मी.’ मशीनमध्ये लोकर टाकायची जागा नव्हती. सगळ्या म्हाताऱ्यांना एक जानेवारी मिळाली. आबांना, आमच्या गेलेल्या आजीला, म्हणजे बानाबाईला, पलीकडच्या घरातल्या तिघांना. दर वर्षी त्या दिवशी आबांच्या साध्या मोबाइलवर बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो, कुणीतरी वाचून दाखवतं, आणि आबा म्हणतात, ‘समद्या वस्तीच्या आया एकाच दिशी बाळंत झाल्या बघ. सुईण किती पळली आसंल.’ त्यामुळं मी सरांना सांगितलेलं खोटं होतं, पण सरकारी खोटं होतं. आबांना शाळेत गायला बोलावलंय म्हटल्यावर त्यांनी ढोलाची दोरी ताणून बघितली. मग म्हणाले, ‘पोरास्नी किती येळ बसवता येतंय?’ मी म्हणाले, पाच मिनिटं. ‘पाच मिन्टात तर मेंढरं वाड्याबाहीर बी येत नाय,’ म्हणाले, पण त्याच संध्याकाळी फेटा धुवायला टाकला.

मला कळलं ते पाणी यायच्या दिवशी. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोलत नाही, नुसतं ओरडतात. मी बादली घेऊन बाथरूमच्या दाराशी गेले. आत मम्मी पिंपात नळी धरून उभी होती आणि पप्पा तिला काहीतरी सांगत होते. पाण्याच्या आवाजात बाहेर काही जात नाही असं त्यांना वाटलं असणार. पण पिंप भरत आलं की आवाज बारीक होतो, आणि ते बोलतच राहिले. आबांच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता हे मला माहीत होतं. गाठ काढणार, खोकला जाणार, एवढंच आम्हाला दोघांना, म्हणजे आबांना आणि मला, सांगितलं होतं. पप्पा सांगत होते की डॉक्टर म्हणाले, आवाजाचा सगळा भागच काढावा लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथनं घ्यायचा. बोलणं बंद. आजोबांना आधी नीट समजावून सांगा, त्यांना कळल्याशिवाय मी हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि पप्पा डॉक्टरांना म्हणाले होते, सांगतो. आता पुढच्या वेळी जाऊन ‘सांगितलं’ म्हणणार होते. मम्मी म्हणाली, ‘अहो, पण शुद्धीवर आल्यावर ते हाक मारतील ना कुणाला तरी.’ पप्पा म्हणाले, ‘आता सांगितलं तर उठून वस्तीवर जातील. आडोशाला बसतील आन मरतील. तू वळखत नाय का त्यांना?’ पिंप वाहायला लागलं तरी मम्मीनं नळी काढली नाही. पप्पा म्हणाले, ‘मला बाप पायजे शालू. गाणं ऐकायला मोबाइल हाय.’ आणि मग त्यांना मी दिसले. पप्पा चिडले नाहीत हे सगळ्यात वाईट. त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली, भरली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘अपेक्षा, आबांच्या कानावर जायला नको. माझी शपथ हाय तुला.’

तेव्हापासून माझ्या आत काहीतरी उलटं झालं. पूर्वी मला बोलता येत नव्हतं कारण आतून कुणी ओ देत नव्हतं. आता आतून सारखी हाक येत होती आणि मी दरवाजा लावून उभी होते. माणसांचे गळेच दिसायला लागले. बसस्टॉपवरच्या माणसांचे, भाजीवाल्याचा, आमच्या दीपमाला मॅडमचा; शिकवताना त्यांच्या गळ्यातलं ते हाड वर-खाली होतं, तेच. नौशीन हसली की तिचा गळा कसा हलतो ते मी बघत बसायचे आणि ती म्हणायची, ‘क्या देख रही, नजर लगाएगी क्या?’ दिनविशेष वाचायला कागद घेतला की जन्माच्या खाली मृत्यू असतो, तो मी कितीदा वाचला होता, पण त्या दोन्हींच्या मधल्या एका तारखेला प्रत्येकाचं शेवटचं गाणं असणार हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती तारीख कुठंच लिहिलेली नसते. बहुतेक वेळा त्या माणसालाही माहीत नसते. आबांची मला माहीत होती, ऑपरेशन तीन जानेवारीला होतं. ती मीच ठरवली होती, पैजेच्या भरात, माइकवर. संध्याकाळी गच्चीवर आबा ओळ टाकायचे आणि मी झेलायची ती अर्धीच, बाकी अर्धी नरड्यात अडकायची. ‘ध्यान कुठाय?’ आबा म्हणायचे. मी म्हणायचे, सर्दी झालीय. त्यांनी निखाऱ्यावर ओवा टाकून मला धूर घ्यायला लावला. ज्या माणसाचा आवाज जाणार होता तो माझ्या सर्दीची काळजी करत होता, आणि मी फडक्याखाली डोकं घालून धुरात रडत होते, तिथं रडलं तर दिसत नाही.

एक जानेवारीला थंडी सणकून होती. मैदानावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. आबा लाल फेटा, खांद्यावर घोंगडी, काखेत ढोल असे चालत आले तेव्हा सातवीतली मुलं कुजबुजली, आणि एकानं ‘बाहुबली’ म्हटलं. पप्पांनी कंपनीत अर्धा दिवस सुट्टी टाकली होती. ते गेटजवळ मोटरसायकलला टेकून उभे राहिले, आत आले नाहीत. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, मी दिनविशेष वाचला. आजचे सगळे वाढदिवस वाचले, कोण कुठं जन्मलं, कुणी काय वाजवलं, आणि शेवटी म्हणाले, ‘आणि ओवीगायक मल्हारराव, यांचा आज जन्मदिन.’ माझा आवाज छान लागला होता. मला त्याची लाज वाटली. नौशीन आबांसमोर माइक सरकवायला गेली, ‘आबा, इधर देखके बोलो,’ तर त्यांनी तो बाजूला केला. ‘हे कशाला ग माय? मी बहिरा नाय, तुमी बी नाय.’ मग कानावर हात ठेवला.

मला आता असं लिहिता आलं असतं की शाळा स्तब्ध झाली. नाही झाली. आबांचा आवाज पहिल्याच ओळीला फाटला, खोकला आला, पुढच्या रांगेत खिदळणं सुरू झालं, पी.टी.च्या सरांनी शिट्टी वाजवली. आबांनी परत सुरुवात केली. एका मेंढपाळाची ओवी होती, तो सांजेला कळप मोजतो तर एक कोकरू कमी; मग तो एकेका ओढ्याला, एकेका बाभळीला विचारत जातो. मी मागे उभी राहून झेलत होते. आवाज जुन्या घोंगडीसारखा झाला होता, विरलेला, मधेच भोक, आणि त्या भोकातून वारा. पण ओढ्यापाशी आल्यावर तो एकदम खाली उतरला आणि रुंद झाला, आणि काही मुलं गप्प झाली, सगळी नाही. मी गेटकडं पाहिलं. पप्पांची मान खाली होती, ते मोटरसायकलचा आरसा पुसत होते. बोटानं, एकाच जागी. मला वाटलं, हे आता थांबू नये. ते कोकरू सापडूच नये, आबा शोधत राहावेत, पहिला तास, दुसरा तास, मधली सुट्टी. आणि तेवढ्यात घंटा झाली. वाघचौरे सर खूप आदरानं पुढं आले, नारळ-शाल दिली, हात जोडले. टाळ्या झाल्या. दुसऱ्या रांगेतली पाचवीतली एक मुलगी ओरडली, ‘पण कोकरू सापडलं का?’ आबा हसले. ‘सापडतंय की. पन लई लांब हाय अजून. परवा माझ्या गळ्याचं काम हाय. ते झालं की आवाज साफ हुतोय. मंग येतो आन उरलेली म्हनतो. व्हय?’ आणि सगळी शाळा, आठशे पोरं, एका आवाजात म्हणाली, ‘होऽऽऽ.’ आबांना एवढं मोठं झेलणारं कधी मिळालं नसेल. त्यांनी फेट्याला हात लावला. मी टाळ्या वाजवत होते. हात थांबेनात.

भूमितीच्या तासाला मी वहीत वर्तुळं काढत होते आणि डावा हात गळ्यावर ठेवून हळूच ‘हं’ म्हणत होते, बोटांना गुदगुल्या व्हायच्या, आणि गप्प झालं की गळा थंड, नुसत्या मांसाचा, कुणाचाही. नौशीननं ते पाहिलं. मधल्या सुट्टीत तिनं मला पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि मी पप्पांची शपथ मोडून तिला सगळं सांगितलं. ती हसेल, रडेल, काहीतरी करेल असं वाटलं. ती डब्यातली खिचडी चमच्यानं सपाट करत राहिली. मग म्हणाली, ‘मत बता. हमारी दादी को भी नहीं बताया था.’ तिची दादी जैतुनबी, छावणी भागात राहायची, मागच्या रमजानच्या आधी गेली. ‘आखिर तक बोलती थी, ये डॉक्टर की दवा बदलो, दूसरे को दिखाओ. सब हौ हौ बोलते थे.’ मी विचारलं, मग बरं झालं ना, शांत गेली. नौशीन म्हणाली, ‘शांत कहाँ. वो समझी कि हम उसका इलाज नहीं करवा रहे. अब्बा से बात करना छोड़ दी थी.’ डबा बंद केला. ‘पर तू मत बता,’ ती परत म्हणाली, आणि मला कळलं की तिला आबांसाठी नाही, माझ्यासाठी भीती वाटतेय. कारण सांगितलं आणि आबा नाही म्हणाले, आणि गाठ वाढत गेली, तर ते माझ्यामुळं असेल. एका पंधरा वर्षांच्या मुलीनं तोंड उघडलं म्हणून. आणि नाही सांगितलं, आणि ते शुद्धीवर येऊन मला हाक मारायला गेले, तर त्या भोकातून नुसती हवा येईल, आणि त्यांना माझ्या डोळ्यांत दिसेल की मला आधीच माहीत होतं. दोन्हीकडून मला काही मिळणार नव्हतं. मी खूप शोधलं. सायकल चालवत घरी येईपर्यंत शोधत होते. तिसरं काही नव्हतंच.

घरी आले तर मम्मी दवाखान्याची पिशवी भरत होती. टॉवेल, पेला, चादर, आबांची तंबाखूची डबी काढून परत कपाटात. उद्या सकाळी दाखल व्हायचं होतं. आबा गच्चीवर उन्हात बसले होते, शाल अजून खांद्यावर. मी जवळ जाऊन बसले. म्हणाले, ‘आबा, कोकराचं पुढं काय होतं?’ मला ती सगळी ओवी हवी होती, आत्ता, उन्हं उतरायच्या आत, जेवढी निघेल तेवढी, फाटकी, खोकल्यासकट. आबांनी माझ्याकडं पाहिलं, हसले, आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं मस्करी करतायत. मी परत विचारलं. त्यांनी गळ्याकडं बोट केलं, मग दोन्ही हातांनी काहीतरी उचलून पोतडीत ठेवल्यासारखं केलं, आणि वर एक गाठ मारली. मला कळेना. तेवढ्यात मम्मी दोरीवरचे कपडे काढायला वर आली, ती माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘पप्पांनी सांगितलंय त्यांना, आता बोलायचं नाही. गळ्याला आराम. म्हणजे ऑपरेशन सोपं जातं.’ आबांनी मान हलवली. खूश होते. पाठीवर थाप मारली माझ्या, त्या हाताचा अर्थ स्पष्ट होता: दोन दिवस कळ काढ पोरी, मग ऐक. ते आवाज साठवत होते. शाळेतल्या पोरांसाठी, माझ्यासाठी. त्यांच्याजवळ बोलायला उरलेली ही घरची एक संध्याकाळ होती आणि ते ती जपून बाजूला ठेवत होते, गुळाच्या खड्यासारखी.

मी खाली आले. जिन्यात माझे पाय मला ऐकू येत होते. स्वयंपाकघरात पप्पा उभ्यानंच चहा पीत होते, मम्मी माझ्या मागून कपड्यांचा ढीग घेऊन आली आणि दारातच थांबली. मला माइकसमोर कधीच भीती वाटली नाही, तिथं माणसं लांब असतात. इथं पप्पांच्या बशीत सांडलेला चहाही दिसत होता. मी म्हणाले, ‘पप्पा, मी आबांना सांगणार आहे.’

‘काय सांगणार आहेस?’ पप्पा म्हणाले, आणि त्यांना कळलेलं होतं.

‘आवाज जाणार आहे, सगळा, परत येणार नाही, हे. आणि नाही काढला तर काय होईल, तेही. दोन्ही. तुमची शपथ मोडली मी, दुपारीच मोडली.’

मम्मी म्हणाली, ‘हळू बोल, वर जाईल.’

‘जाऊ दे,’ मी म्हणाले. माझा आवाज हळूच निघत होता, पण थरथरत नव्हता. ‘ते नको म्हणाले आणि वस्तीवर निघाले, तर मी अडवणार नाही, तुम्हीही अडवायचं नाही. दहावी बुडाली तरी मी जाईन त्यांच्याबरोबर. आणि ते हो म्हणाले, तर आज संध्याकाळभर त्यांना बोलू द्यायचं, कुणी गप्प बसवायचं नाही. मी आत्ता वर चाललेय. तुम्ही येताय का पप्पा, की मी एकटीनंच सांगू?’